गावच्या सड्याचा प्रश्न आणि आयर्लंडमधील नागरिकांच्या चळवळी

प्रश्न : कातळवाट (राजापूर तालुका)

नमस्कार. मी राजापूर तालुक्यातील एका खेड्यात प्राथमिक शिक्षिका आहे. आमच्या गावाच्या माथ्यावर विस्तीर्ण सडा, म्हणजे कातळाचे पठार, आहे. पावसाळ्यात त्या जांभ्या कातळात मुरलेले पाणीच पुढे उन्हाळ्यापर्यंत खालच्या दोन वाड्यांच्या विहिरींना पुरते. गेल्या काही वर्षांत सड्यावर चिरेखाणी वाढत गेल्या, आणि माझ्या सासूबाईंच्या आठवणीत कधीही न आटलेली आमच्या वाडीची विहीर यंदा शिमग्याच्या आधीच तळाला गेली. आम्ही निरनिराळ्या कचेऱ्यांत मिळून अकरा अर्ज दिले. प्रत्येकाची पोच माझ्याकडे फाइलला लावलेली आहे. उत्तरे दोनच आली, आणि दोन्हींत अर्ज संबंधित विभागाकडे पाठवल्याचे कळवलेले आहे.

आयर्लंडमधील एका लहानशा जिल्ह्यातील लोकांनी जमिनीखालचा वायू काढण्याची योजना थांबवली आणि पुढे तसा देशभर लागू होणारा कायदाच करून घेतला, असे नुकतेच वाचनात आले. तिथे राहिलेल्या किंवा या विषयाचा अभ्यास असलेल्या मंडळींना विचारायचे आहे की, एका गावाची तक्रार देशाच्या कायद्यापर्यंत नेमकी कशी पोहोचते? लोक प्रत्यक्षात काय करतात, आणि त्यातले आपल्याकडे काय लागू पडेल? कौतुकापेक्षा कामाचा तपशील मिळाला तर मी आभारी राहीन.

उत्तर १ : लांज्याची परिचारिका

बाई, मी नऊ वर्षे गॉलवे शहरात नोकरी केली. आपण वाचलेला जिल्हा म्हणजे लेट्रिम. लोकसंख्येने तो आयर्लंड प्रजासत्ताकातील सर्वांत लहान जिल्हा आहे. २०११ साली तिथे जेमतेम ३२ हजार माणसे राहत होती. आपल्या सिंधुदुर्गाची लोकसंख्या त्याच वर्षी साडेआठ लाखांच्या घरात होती, यावरून कल्पना यावी. त्याच वर्षी सरकारने तिथल्या लॉक अ‍ॅलन परिसरात वायूचा शोध घेण्यासाठी कंपन्यांना प्राथमिक परवाने दिले. वायू काढण्याची पद्धत फ्रॅकिंगची, म्हणजे खोल खडकात पाणी, वाळू आणि रसायने प्रचंड दाबाने सोडून खडक फोडण्याची होती.

तिथल्या लोकांचे पहिले शहाणपण मला नावात दिसते. त्यांनी आपल्या संघटनेचे नाव ‘लव्ह लेट्रिम’ ठेवले. कशाला विरोध आहे यापेक्षा काय जपायचे आहे, हे त्यातून आधी कळते. त्यामुळे राजकारणापासून चार हात दूर राहणारा शेतकरीही सभेला येऊन बसू शकतो. दुसरे शहाणपण पाण्याचे. लॉक अ‍ॅलन हे शॅनन नदीच्या वाटेवरचे पहिले मोठे सरोवर आहे, आणि शॅनन ही देशातील सर्वांत लांब नदी तिथून थेट लिमरिकपर्यंत वाहत जाते. वर पाणी बिघडले तर ते खालच्या साऱ्या जिल्ह्यांचे बिघडते, हे एकदा पटल्यावर प्रश्न लेट्रिमपुरता उरत नाही. आपल्या सड्याचे पाणी कोणकोणत्या गावांच्या पऱ्यांना (ओढ्यांना) मिळते, याचा साधा नकाशा आपण केला आहे का? नसेल तर पुढच्या अर्जाआधी तो करावा, असे मी कळकळीने सुचवते.

पुढे २०१६ मध्ये स्लायगो-लेट्रिम मतदारसंघातील टोनी मक्लॉक्लिन या संसद सदस्याने खासगी विधेयक, म्हणजे सरकारतर्फे नव्हे तर स्वतःच्या नावाने, मांडले. ते सत्ताधारी पक्षाचे होते, तरीही सर्व पक्षांनी विधेयक पुढे जाऊ दिले आणि जुलै २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्षांची त्यावर सही झाली. जमिनीवरील फ्रॅकिंगला आयर्लंडमध्ये आज कायद्याने बंदी आहे.

लोकप्रतिनिधी तिथे इतके ऐकतात, याचे एक कारण निवडणुकीच्या पद्धतीत आहे. एका मतदारसंघातून तीन ते पाच सदस्य निवडून जातात आणि मतदार पसंतीक्रम लिहितो. दुसऱ्या उमेदवाराच्या समर्थकाने आपल्याला निदान दुसरी किंवा तिसरी पसंती द्यावी, यासाठी प्रत्येकाला सगळ्यांची दारे झिजवावी लागतात. निवडून आलेले सदस्य मतदारसंघात नियमित भेटीची वेळ ठेवतात आणि लोक तिथे कागद घेऊन जातात. मी भारतीय पासपोर्टधारक असूनही मे २०१९ च्या स्थानिक निवडणुकीत मतदान केले, कारण तिथे स्थानिक मतदानासाठी नागरिकत्व लागत नाही, वास्तव्य पुरते.

एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. सविता हलप्पनवार या दंतवैद्य आपल्या शेजारच्या बेळगावच्या. नैसर्गिक गर्भपात अटळ आहे हे दिसत असतानाही त्यांना वेळेवर उपचार मिळाले नाहीत, आणि २८ ऑक्टोबर २०१२ रोजी वयाच्या ३१ व्या वर्षी गॉलवेत त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आलेले लोक घरी जाऊन स्वस्थ बसले नाहीत. पाच-सहा वर्षे ते बोलत राहिले, लिहीत राहिले. सरकारने चिठ्ठ्या काढाव्यात तशा निवडीने ९९ सामान्य नागरिकांची सभा नेमली. त्या सभेने गर्भपातबंदीच्या विषयावर पाच शनिवार-रविवार तज्ज्ञांचे आणि पीडितांचे म्हणणे ऐकून शिफारस केली. २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के लोकांनी गर्भपातबंदीचे कलम राज्यघटनेतून काढण्याच्या बाजूने मत दिले. त्या महिन्यात माझ्या दारावर तीन वेळा स्वयंसेवक आले. मी तिथली नागरिक नसल्याने सार्वमतात मला मत नाही हे सांगितल्यावरही एक आजी दहा मिनिटे उभ्या राहून, रुग्णालयात मी काय पाहिले ते ऐकत होत्या. त्यांनी मला काहीही पटवून देण्याचा प्रयत्न केला नाही. त्या फक्त ऐकत होत्या. प्रचाराचा हा प्रकार मी आपल्याकडे पाहिलेला नाही.

उत्तर २ : कुडाळचा वकील

लांज्याच्या ताईंनी दिलेली माहिती मोलाची आहे, परंतु एका बाबतीत सावध करणे माझे कर्तव्य आहे. लेट्रिमची वाट खासगी विधेयकाची होती. भारतात संसदेच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेले शेवटचे खासगी विधेयक १९७० चे आहे, त्यामुळे त्या वाटेवर आपली शक्ती खर्चू नये. शिवाय आपल्या प्रश्नासाठी दिल्ली गाठण्याची गरजच नाही. बांधकामाचा जांभा हे गौण खनिज आहे, आणि १९५७ च्या खाण व खनिज कायद्याच्या कलम १५ नुसार गौण खनिजांचे नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. महाराष्ट्राचे सध्याचे नियम २०१३ चे आहेत. झरे आणि विहिरींपासून खाण किती अंतरावर असावी, हा विषय आपण राज्याच्या नियमांत नेऊ शकता. लेट्रिमला जे डब्लिन, ते आपल्याला मुंबई.

आयर्लंडकडून घेण्यासारखी मला वाटते ती लेखी हरकतीची शिस्त. तिथे कोणत्याही बांधकामाच्या अर्जावर पाच आठवड्यांच्या आत २० युरो शुल्क भरून कोणालाही हरकत नोंदवता येते, आणि सर्वसाधारणपणे ज्याने अशी हरकत नोंदवली आहे त्यालाच पुढे चार आठवड्यांत अपील करता येते. म्हणून तिथल्या कार्यकर्त्यांना मोर्चाच्या तारखेइतकीच मुदतीची तारीखही पाठ असते. आपल्याकडेही २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांच्या जनसुनावणीची किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो, आणि लेखी म्हणणे मांडण्याचा हक्क असतो. किती गावकरी हा सारांश वाचून सुनावणीला जातात, याचे उत्तर आपल्या सर्वांनाच ठाऊक आहे.

बाई, आपले अकरा अर्ज विनंतीचे असावेत, असा माझा अंदाज आहे. बारावा अर्ज माहितीच्या अधिकाराखाली करावा. खाणपट्ट्याच्या आदेशाची प्रत, मंजूर क्षेत्र, परवानगी दिलेली खोली, घातलेल्या अटी, भरलेले स्वामित्वधन आणि ग्रामपंचायतीचा ना हरकत ठराव, एवढे मागावे. उत्तर देण्याची मुदत ३० दिवसांची आहे. कागद हाती आल्यावर टेप घेऊन सड्यावर जावे आणि मंजूर क्षेत्राशी प्रत्यक्ष खोदाई ताडून पाहावी. पुष्कळदा सगळा वाद या एका मोजणीत स्पष्ट होतो.

उत्तर ३ : परळचा चाकरमानी

आमचे गाव संगमेश्वर तालुक्यात, आणि मी मुंबईतील ग्रामस्थ मंडळाचा चिटणीस आहे. आयर्लंडमधील एका गोष्टीने मला फार अस्वस्थ केले. तो देशही आपल्या कोकणासारखाच, घरटी एखादा माणूस बाहेरगावी असलेला. परदेशी स्थायिक झालेल्यांना तिथे टपालाने मतदान करता येत नाही. देश सोडून अठरा महिन्यांहून कमी काळ झाला असेल आणि परतण्याचा विचार असेल, तरच नाव यादीत ठेवता येते. तरीही २०१५ मध्ये समलिंगी विवाहाच्या आणि २०१८ मध्ये गर्भपाताच्या सार्वमतासाठी हजारो तरुण स्वखर्चाने विमानांनी आणि बोटींनी मायदेशी आले. ‘होम टू व्होट’ हे त्या परतीचे नाव. विवाहाच्या सार्वमतात ६२ टक्के लोकांनी होकार दिला.

आपण गणपतीला आणि शिमग्याला रात्रभर रांगेत उभे राहून तिकिटे काढतो. पालखी नाचवण्यासाठी येतो, परंतु ग्रामसभेसाठी किती जण येतात? आमच्यापैकी बहुतेकांची नावे आता मुंबईच्या मतदार यादीत आहेत, आणि कायद्याने दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही, त्यामुळे ग्रामसभेत आमचा हात मोजला जाणार नाही. पण कागद तयार करणे, मंत्रालयात पाठपुरावा करणे, वकिलांचा खर्च उचलणे ही कामे मुंबईत बसूनच होतात. गावातल्या मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी आम्ही वर्गणी जमवली. विहिरीसाठी आजवर कोणी मागितली नाही, हेही तितकेच खरे.

आणि हे सारे परदेशातूनच शिकायला हवे असेही नाही. १८७९ मध्ये आयर्लंडमधील कुळांनी लँड लीग उभारली, आणि पुढच्याच वर्षी मेयो जिल्ह्यात कॅप्टन बॉयकॉट या कारभाऱ्याशी सर्व व्यवहार तोडले. त्याच्या नावावरूनच इंग्रजीत बहिष्काराला शब्द मिळाला. आपल्या अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांची जमीन कसली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, त्यामागे हा संप उभा होता. गावातून कायद्याकडे जाणारी वाट कोकणाने पूर्वी चाललेली आहे.

उत्तर ४ : दाभोळ खाडी

वरील सर्वांचा आदर राखून लिहितो की, इथे फक्त जिंकलेल्या लढ्यांची चर्चा झाली आहे. मेयो जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील रॉसपोर्टचा विचारही करावा. शेल कंपनीची उच्च दाबाची वायुवाहिनी घरांजवळून जाणार होती, म्हणून पाच स्थानिकांनी आपल्या जमिनीत कंपनीला येऊ देण्यास नकार दिला. मनाई हुकूम मोडल्याबद्दल २००५ मध्ये ते ९४ दिवस तुरुंगात होते. त्यांच्यापैकी विली कॉर्डफ यांना २००७ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. तरीही डिसेंबर २०१५ मध्ये वायू सुरू झालाच. मार्ग मात्र बदलावा लागला आणि वाहिनी खाडीखालून जवळजवळ पाच किलोमीटरच्या बोगद्यातून न्यावी लागली. या लढ्यात गावातले शेजारी एकमेकांपासून तुटले. आमच्याकडेही प्रकल्पाच्या बाजूचे आणि विरोधातले अशी एकाच भावकीत दोन घरे झालेली मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यातला अबोला अजून सुटलेला नाही.

म्हणून बाईंना माझे सांगणे एवढेच आहे की, चिरेखाणीवर मजुरी करणारी आणि जमीन भाड्याने देणारी माणसेही गावातलीच असतील. त्यांना सभेला सर्वांत आधी बोलवावे.

प्रश्नकर्तीचे उत्तर : कातळवाट

सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. दाभोळच्या दादांचे म्हणणे मनाला लागले, कारण खाणीवर ट्रॅक्टर चालवणाऱ्या एका माणसाची मुलगी माझ्याच वर्गात आहे, आणि त्यांच्या घरचे पाणीही त्याच विहिरीचे आहे. मी उद्या त्यांच्या घरी जाणार आहे. अर्जावर सही मागायला नव्हे, फक्त ऐकायला.

वकीलसाहेबांनी सांगितलेला माहितीचा अर्ज आज लिहून ठेवला आहे. पऱ्यांचा नकाशा सातवीच्या मुलांकडून करून घेणार आहे, कारण खालच्या गावांतील कोणता पऱ्या कुठून निघतो हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा होते, तिथे विहिरीचा विषय पहिला घ्यावा असे दोन्ही वाड्यांतील बायकांनी ठरवले आहे. परळच्या काकांना एक विनंती आहे. आमच्या गावचे मुंबई मंडळही परळलाच भरते. त्यांच्या पुढच्या बैठकीत मला दहा मिनिटे बोलता येईल, अशी व्यवस्था आपल्या ओळखीतून होऊ शकेल का?