कोविडनंतर फोडणीचा वास सडका येतोय, अजून कुणाला?

बिनहिंगाचंवरण: एप्रिल २०२१ ला कोविड झाला, वास पूर्ण गेलेला, महिन्याभरात बऱ्यापैकी आला म्हणून मी निवांत होते आणि जुलैत एक दिवस कांदा परतायला घेतला तर गटार तुंबल्यासारखा वास. वाटलं कांदाच सडकाय, दुसरा कापला तरी तेच. लसूण, अंडं, कॉफी सगळ्याला तोच घाण वास. दहीभात आणि साधं वरण एवढंच जातं, पाच किलो उतरले. सासूबाईंना वाटतं स्वयंपाक टाळायला नाटकं करते आणि नवरा म्हणतो डोक्यातलं आहे. बरं होतं का हे कधी??

कॉफीबंद: सेम! मला कॉफीला जळक्या रबराचा वास यायचा, ऑफिसात मशीनजवळून श्वास रोखून जायचो. आठेक महिन्यांनी कमी झालं, पूर्ण नाही गेलंय अजून. जेवण गार करून खा, गरम असलं की वास जास्त मारतो.

घशाचाडॉक्टर: याला पॅरोस्मिया म्हणतात, नाटक नाही. नाकात अगदी वर वासाच्या नसांना आधार देणाऱ्या पेशी असतात, व्हायरस मुख्यतः त्यांना धरतो आणि त्यांच्यासोबत नसांचीही वाट लागते. मग नसा परत वाढताना जोडण्या अर्धवट होतात, मेंदूला निरोप तुटक पोचतो, म्हणून हे बऱ्याचदा वास परत यायला लागल्यावर, दोन-तीन महिन्यांनी सुरू होतं. कांदा, लसूण, हिंग, अंडं, कॉफी सगळ्यांत गंधकवाले रेणू आणि नाकाला ते चिमूटभरही पुरतात. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येकी १५-२० सेकंद हुंगायचं, निदान ३ महिने. कंटाळा येतो, तरी करा. पण ५ किलो गेलेत तर एकदा कान-नाक-घसावाल्याला दाखवाच. आणि कधी हातापायाच्या मुंग्या वर चढायला लागल्या, पाय लुळे पडायला लागले, किंवा तोंड वाकडं झालं तर हुंगत बसू नका, थेट हॉस्पिटल.

जुनंतेसोनं: रात्री नाकात मोहरीचं तेल दोन थेंब, आठवड्यात फरक.

घशाचाडॉक्टर: नको हो. तेल फुप्फुसात उतरलं तर वेगळीच भानगड.

कॉफीबंद: एक राहिलं, गॅस! एलपीजीला स्वतःचा वास नसतो, तो जो येतो तो मिसळलेल्या मर्कॅप्टनचा, तोही गंधकवालाच. गळती झाली तर तुम्हाला ती गळती म्हणून कळेलच असं नाही. मी डिटेक्टर लावलाय.

बिनहिंगाचंवरण: बापरे, गॅसचं डोक्यातच नव्हतं. नवऱ्याला सगळं वाचून दाखवलं, गप्प बसला, आता रात्री रेग्युलेटर बंद करायची ड्यूटी त्याची. निलगिरी घरात होती, देवाच्या फुलांतला एक गुलाब ढापला. लिंबू ओळखता आलं, लवंगेचं काहीच नाही. उद्या परत.