मज्जापेशी विभागतच नाहीत, मग तिथे सीडीके५ काय करतं?

पेशीपुराण
सेमिनारसाठी सीडीके५ हे जनुक वाट्याला आलंय. सायक्लिन हे प्रथिन आणि सीडीके हे एन्झाइम यांची जोडी जमली की पेशीचक्र, म्हणजे पेशी विभागण्याचा क्रम, पुढे सरकतं, हे घोकून पाठ होतं, त्यामुळे एका संध्याकाळी उरकेल असं वाटलं. कसलं काय! या जनुकापासून बनणाऱ्या एन्झाइमची क्रियाशीलता सगळ्यात जास्त कुठे, तर मेंदूतल्या मज्जापेशींत. आणि त्या तर एकदा तयार झाल्या की विभागतच नाहीत. वर हेही वाचलं की सायक्लिन डी१ त्याला चिकटतं, पण चालू मात्र करत नाही. सरांना विचारलं तर म्हणाले, "अजून वाचा." कुणी समजावेल का?

उगाच_एक
मज्जापेशी चुकून विभागायला जात असतील आणि मरत असतील. अल्झायमर म्हणजे तेच ना?

जेलबाई
पेशीपुराण, सरांचं मनावर घेऊ नका, सगळे सर तेच म्हणतात.

सीडीके५ सीडीकेंच्या कुटुंबात गेलं ते चेहरेपट्टीमुळे. २९२ अमिनो आम्लांचं प्रथिन, सीडीके१शी साधारण ६० टक्के जुळणारं. काम मात्र निराळं. त्याला चालू करतात पी३५ आणि पी३९ ही दोन प्रथिनं. सीडीके५चं जनुक ७व्या गुणसूत्रावर, पी३५चं १७व्या. पी३५चा अमिनो आम्लांचा क्रम सायक्लिनशी फारसा जुळत नाही, पण घडी जवळपास तशीच पडते, म्हणून ते सीडीके५ला बरोबर धरतं. ही पी३५-पी३९ जोडी मुख्यतः मज्जापेशींतच बनते. सीडीके५ प्रथिन स्वतः इतर बऱ्याच ऊतींत सापडतं, पण तिथे बहुतेक नुसतं बसून असतं. सेमिनारमध्ये हे ठासून सांगा: प्रथिन आहे म्हणजे क्रिया आहे, असं नाही.

काम काय, ते उंदरांत फार छान दिसतं. मेंदूचं बाह्यक घडताना नंतर जन्मलेल्या मज्जापेशी आधीच्यांना ओलांडून वर जातात. सीडीके५ काढून टाकलं की हे ओलांडणंच जमत नाही, थर उलटेपालटे होतात आणि पिल्लं जन्माच्या आसपास दगावतात. नुसतं पी३५ काढलं तर पिल्लं जगतात, पण थर बिघडलेलेच असतात आणि त्यांना झटके येतात. पी३९ थोडाफार भार उचलतं, त्यामुळे निभावतं. मोठेपणीही सीडीके५ रिकामं नसतं. चेतासंधीत, म्हणजे दोन मज्जापेशींच्या जोडावर, संदेश सोडण्यात त्याचा हात असतो, आणि डोपामिनच्या संदेशवहनात डार्प-३२ नावाच्या प्रथिनावर ते फॉस्फेट चढवतं.

पेशीपुराण
ताई, फार उपकार. मग अल्झायमरशी काहीच संबंध नाही का? अल्झायमरमध्ये मज्जापेशींत गुठळ्या करणाऱ्या टाऊ या प्रथिनावर ते फॉस्फेट चढवतं असं वाचलंय.

जेलबाई
आहे, पण उगाच_एक म्हणतात तितका सरळ नाही. मज्जापेशींनी पेशीचक्रात परत शिरायचा प्रयत्न करणं हा वेगळा विषय, आणि तिथे तर सीडीके५ त्यांना अडवतं असे पुरावे आहेत.

टाऊची गोष्ट अशी. पी३५च्या पुढच्या टोकाला मेदाम्लाची एक शेपूट असते, तिच्यामुळे ते पेशीच्या पटलाला चिकटून राहतं. शिवाय ते अल्पायुषी, निम्मं प्रथिन अर्ध्या तासाच्या आसपास मोडीत निघतं. म्हणजे एन्झाइम कुठे आणि किती वेळ चालायचं, दोन्हींवर लगाम. पेशीला इजा झाली, आत कॅल्शियम वाढलं, की कॅल्पेन हे कात्री-एन्झाइम पी३५चे दोन तुकडे करतं, पी१० आणि पी२५. शेपूट पी१०बरोबर जाते. पी२५ सीडीके५ला धरूनच राहतं, लवकर मोडत नाही आणि पटल सोडून भलतीकडे फिरतं. मग टाऊवर नको तितके फॉस्फेट चढतात. पी२५ आणि टाऊचा हा संबंध १९९९ साली ली-हुई त्साई यांच्या प्रयोगशाळेने मांडला.

आता माझ्या आवडीचा भाग, कारण माझी हयात जेल लावण्यात गेली. मेंदूचा तुकडा काढल्यावर जरा वेळ तसाच राहिला, तर मृत ऊतीतही कॅल्पेन आपलं काम करत राहतं. ब्लॉटवर (जेलमध्ये आकारानुसार वेगळी केलेली प्रथिनं ज्यावर पट्ट्यांसारखी दिसतात तो पडदा) ३५ला फिकट पट्टी आणि २५ला ठसठशीत पट्टी दिसते, आणि वाटतं, सापडला रोग! सापडलेला असतो उशीर. रुग्णांच्या मेंदूत पी२५ खरंच वाढतं का, यावरचा वाद बराचसा इथेच अडकला. मृत्यूनंतर नमुना किती तासांनी घेतला हे ज्या आकृतीखाली लिहिलेलं नाही, तिच्याकडे मी तरी संशयानेच बघते.

उगाच_एक
बरं, माझं तोंड बंद. पण मग सीडीके५ बंद करणारं औषध का नाही काढत? कर्करोगात सीडीके४ आणि ६ बंद करणारं पाल्बोसिक्लिब आहेच की.

जेलबाई
तोंड कशाला बंद, प्रश्न चांगलाय. एटीपी (फॉस्फेट पुरवणारा रेणू) बसते ती खोबण सीडीके२ आणि सीडीके५मध्ये इतकी सारखी आहे की औषधाचा रेणू दोघांनाही पकडतो. रोस्कोविटिन हा रोधक बघा, सीडीके १, २, ५, ७, ९ सगळ्यांनाच कमीजास्त अडवतं. आणि सीडीके५ पूर्ण बंद केलं तर चेतासंधीचं रोजचं काम कोण करणार? म्हणून फक्त पी२५बरोबरची जोडी मोडायचे प्रयत्न चालतात. प्राण्यांत काही जमलंय, दवाखान्यापर्यंत पोचलेलं नाही.

पेशीपुराण
ताई, शेवटचं. आमच्याकडे पी३५ची अँटिबॉडी आहे, पुढच्या टोकाला बसणारी. तिने पी२५ दिसेल का?

जेलबाई
नाही दिसणार, ते टोक पी१०मध्ये जातं. मागच्या टोकाला बसणारी मागवा, तिने ३५ आणि २५ दोन्ही एकाच ब्लॉटवर दिसतात. ऊती काढल्या काढल्या द्रव नायट्रोजनमध्ये टाका, आणि बफरमध्ये ईजीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) व कॅल्पेन रोधक आधीच घालून ठेवा, नंतर नाही.