लोअर आर्मचे बोल्ट गाडी जमिनीवर उतरवूनच का आवळायचे?

उदगीरकर
माझ्याकडे २०११ साली आलेल्या दुसऱ्या पिढीची स्विफ्ट आहे. खड्ड्यातून जाताना डाव्या पुढच्या चाकाकडून टकटक आवाज येतो. पहारीने हलवून पाहिले, तेव्हा लोअर आर्मच्या (चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बुशाचे, म्हणजे त्याच्या सांध्यातल्या जोडणीचे, रबर फाटलेले दिसले. सर्व्हिस मॅन्युअल मिळवले असून काम घरीच करण्याचा विचार आहे. मात्र आर्मचे बोल्ट शेवटी गाडी खाली उतरवून, रिकाम्या अवस्थेत, दिलेल्या टॉर्कने (पिळण्याच्या ठरावीक जोराने) आवळावेत असे त्यात लिहिले आहे. आमच्या भागातले मिस्त्री गाडी जॅकवर असतानाच आवळून मोकळे होतात. या सूचनेने खरोखर फरक पडतो का?

लेथवाला, वाळूज
पडतो, आणि टॉर्कच्या आकड्याइतकाच पडतो. बुशाचे रबर आतल्या व बाहेरच्या लोखंडी नळीला घट्ट चिकटवलेले असते. बोल्ट आवळला की आतली नळी जागीच पकडली जाते आणि त्यापुढे आर्म वरखाली होताना फक्त रबर पिळले जाते. चाक लोंबकळत असताना आवळल्यास, गाडी जमिनीवर आल्यावर रबर उभ्या गाडीतही कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. आर्मच्या चाकाकडच्या टोकाला असलेल्या बॉल जॉइंटला हा नियम लागू नाही, कारण तो मोकळा फिरतो.

जुना बुश प्रेसवर काढण्यापूर्वी त्याची दिशा आर्मवर खुणेने नोंदवावी, कारण कित्येक बुशांच्या रबरात एकाच बाजूला फटी ठेवलेल्या असतात. हातोड्याने ठोकून बसवण्यापेक्षा लेथच्या दुकानात प्रेसवर बसवून घेतलेला बरा. मॅन्युअल आपल्याच पिढीच्या गाडीचे असल्याची खात्री करावी. २०१८ च्या मॉडेलचे आकडे इथे लावू नयेत. टॉर्क किलोग्रॅम-मीटरमध्ये दिलेला असेल, तर त्याला ९.८ ने गुणल्यावर न्यूटन-मीटर मिळतात. मॅन्युअलने सांगितल्याशिवाय आट्यांना तेल लावू नये. तेलामुळे तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.

उदगीरकर
कारण समजले. परंतु गाडी खाली उतरवल्यावर माझा टॉर्क रेंच बोल्टापर्यंत पोहोचत नाही आणि घरी गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा नाही.

परभणीचा वाचक
काम सुरू करण्यापूर्वी, गाडी सपाट जागेवर रिकामी उभी असताना, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवा. शेवटी गाडी जॅक स्टँडवर (उचललेली गाडी पेलणाऱ्या लोखंडी आधारावर) असतानाच दुसऱ्या जॅकने बॉल जॉइंटच्या जवळ आधार देऊन आर्म हळूहळू उचला, आणि तेच अंतर आले की बोल्ट आवळा. स्विफ्ट हलकी असल्याने या वेळी गाडीच स्टँडवरून उचलली जाऊ शकते. तसे दिसताच थांबावे आणि गाडी रॅम्पवर चढवून बोल्ट आवळावेत.

दुसरे म्हणजे, आपल्याकडच्या काळ्या मातीवर स्टँड कधीही उभे करू नका. वरून टणक वाटणारी ही माती पाऊस पडून गेल्यावर वजनाखाली खचते आणि स्टँड कलंडतो. शहाबादी फरशीही एकाच पायाखाली दाब आल्यास तडकते, म्हणून काँक्रीटचा कोबा नसेल तर सागाची जाड फळी घाला. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

लेथवाला, वाळूज
एक राहिले. सेल्फ-लॉकिंग (आपोआप सैल न होणारे) नट काढले असल्यास नवेच वापरावेत, आणि काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट तपासून घ्यावे. स्ट्रटला, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या जोडीला, मात्र हात लावू नका. स्प्रिंग कंप्रेसरने दाबल्याशिवाय त्याचा वरचा मधला नट सोडल्यास स्प्रिंग उसळून जीव जाऊ शकतो.