अनुभव धागा : रस्त्यावरचं कुत्रं घरात आलं तेव्हा (इंदूरकर, लिहा!)

सुदामानगरवाली :

आमची गुळी घरात येऊन सव्वा वर्ष झालं. महिन्याकाठी एखादा तरी विचारतो, "आम्हालाही रस्त्यावरचं आणायचंय, कसं वाटतं?" आणि मी "मस्त वाटतं हो" म्हणून मोकळी होते. पहिले तीन आठवडे मला काडीचंही मस्त वाटत नव्हतं. म्हणून हा धागा. फोटो टाकाच, पण पहिल्या रात्री काय झालं, कोण रुसलं, कुठे चुकलं, तेही लिहा.

सुरुवात माझ्यापासून. गुळी कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याच्या ठेल्याखाली राहायची. कानाला नसबंदीची खाच, दातांवरून वय अंदाजे दोन वर्षं. एका स्कूटरने मागचा पाय मोडला. महूच्या वेटरनरी कॉलेजात नेलं, प्लास्टर झालं, सहा आठवडे धावू द्यायचं नाही असं सांगितलं. आता रस्त्यावरच्या कुत्रीला धावू नको म्हणून कोण सांगणार? आणली घरी. सहा आठवड्यांसाठी.

पहिली रात्र ती बाथरूमच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी. बसलीच नाही. हॉलमध्ये आणलं की वर बघून थरथरायची. दोन दिवसांनी यांच्या लक्षात आलं, पंखा! डोक्यावर काहीतरी गरगरतंय आणि खाली पडत नाहीये, असलं तिने जन्मात पाहिलं नव्हतं. मे महिना, आणि आम्ही सगळे पंखा बंद करून घामाघूम बसलेलो.

खाण्याचंही तेच. चिकन उकडून दिलं, दहीभात दिला, हुंगून सोडायची. चौथ्या दिवशी यांच्या बशीतले पोहे खाली सांडले, तर फरशी चाटून लख्ख. बाईसाहेब पक्क्या इंदुरी निघाल्या. कांदा कुत्र्यांना बाधतो, म्हणून आता तिचे चमचाभर पोहे मी वेगळे वाफवते, कांदा-मिरची-जिरावन काही न घालता. जेवण अर्थात निराळं.

तीन दिवसांत भीती ओसरते, तीन आठवड्यांत घराची सवय होते, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं, असा एक हिशेब सगळे सांगतात. गुळीने पहिल्यांदा शेपूट हलवली ती पाचव्या महिन्यात. तीही मला बघून नाही, दूधवाल्याला बघून.

रामबागकर :

आमचा ठोक्या. तीन महिन्यांचा असताना डिस्टेंपर झालेला मिळाला. डॉक्टर म्हणाले, वाचला तरी झटके राहू शकतात. वाचला, झटके राहिले. डावा पुढचा पाय सारखा उडतो, झोपेतही. नखं फरशीवर टक, टक, टक. सुरुवातीला वडिलांना झोप लागेना, म्हणून पायाखाली जुनी चादर दुमडून ठेवायचो. आता तीही ठेवत नाही. पाहुणे मात्र रात्री उठून विचारतात, "तुमच्याकडे नळ गळतोय का?"

एक कळकळीचं सांगतो. ठोक्याच्या आधी आमच्याकडे एक पिल्लू पार्व्होने गेलं. पाच दिवस सलाईन, नऊ हजार खर्च, तरी गेलं. हळहळ वाटली म्हणून महिन्याभरात दुसरं आणलं, तेही त्याच रोगाने गेलं. पार्व्होचा विषाणू अंगणातल्या मातीत महिनोन्महिने टिकतो आणि नुसत्या फिनाइलने जात नाही, ब्लीच लागतं, हे आम्हाला नंतर समजलं. पिल्लू असेल तर सहा ते आठ आठवड्यांचं झाल्यावर पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत पुढच्या, आणि तीन महिन्यांचं झालं की रेबीजची. हा क्रम पुरा होईपर्यंत त्याला दुसऱ्या कुत्र्यांत खाली सोडू नका. शेजारच्या काकू "मोकळ्या हवेत वाढू दे" म्हणाल्या तरी!

येळकोट_येळकोट :

आईचा विरोध होता. मी वकिली केली : होळकरांचं कुलदैवत खंडोबा, त्याच्याबरोबर कुत्रं असतं. दत्ताच्या पायाशी तर चार चार. आई म्हणाली, "त्यांच्या पायाशी आहेत ना? माझ्या ओट्याशी नाहीत."

सहा वर्षं झाली, तिचं मन बदललं वगैरे काही नाही. ती मोतीला हात लावत नाही, मोती स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नाही. दोघं उंबऱ्याच्या अलीकडे-पलीकडे बसून एकमेकांकडे बघतात. भाजी निवडताना आई त्याला गल्लीतल्या सगळ्यांच्या कागाळ्या सांगते, एवढंच.

तिसरा_मजला :

घरच्यांपेक्षा सोसायटीने जास्त छळलं. कुत्र्याला लिफ्ट बंद, असा कागद नोटीस बोर्डावर लागला. आमची राणी तेरा-चौदा वर्षांची, गुडघे गेलेले. भांडत बसलो नाही. प्राणी कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक छापून सचिवांना दिलं. सोसायटीला कुत्री पाळायला बंदी करता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही, असं त्यात आहे. सोबत मीही लिहून दिलं की पट्ट्याशिवाय आणणार नाही आणि घाण मी उचलेन. या दुसऱ्या कागदाचा उपयोग पहिल्यापेक्षा जास्त झाला असं माझं मत.

नाव_नको :

मी परत दिलं.

लिहू की नको, दोन दिवस विचार करत होतो. दीड वर्षाचा नर, रस्त्यावरून उचलून एका ताईंनी सांभाळलेला. आमच्याकडे आला तेव्हा शांत होता, इतका शांत की आम्हाला वाटलं स्वभावच तसा. तो शांत नव्हता, घाबरून गोठलेला होता. हा फरक मला तेव्हा कळत नव्हता. दुसऱ्या आठवड्यात भीती जरा सैल झाली आणि मग गुरगुरणं सुरू झालं. झाडू उचलला की गुरगुरायचा. कोणी मागून आलं तरी तेच. आम्ही काय केलं? गुरगुरला की ओरडलो. तर त्याने गुरगुरणं सोडून दिलं आणि आम्ही खूश. म्हणजे आगाऊ सूचना द्यायची त्याची सवय आम्हीच मोडली. पुढे त्याच्या ताटलीशेजारचा चेंडू उचलायला माझी सहा वर्षांची मुलगी वाकली, तेव्हा कसलाही आवाज न करता थेट हाताला चावला.

नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं हात धुतला. (ही पंधरा मिनिटं घड्याळ लावून धुवा, रडणाऱ्या पोराबरोबर ती फार लांब असतात.) कुत्र्याला लस दिलेली होती, तरी सरकारी दवाखान्यात नेऊन इंजेक्शनं घेतली : पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७ आणि २८. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायला सांगितलं. त्याला काही झालं नव्हतं. मुलगी त्या दहा दिवसांत त्याच्या खोलीच्या दारापर्यंतसुद्धा गेली नाही.

अकराव्या दिवशी ताईंकडे नेऊन सोडलं. वाटलं होतं बोलतील. बोलल्या नाहीत. पट्टा हातात घेतला आणि विचारलं, "संध्याकाळचं किती वाजता खातो?" मला नक्की सांगता आलं नाही, ते बायको बघायची. त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटली.

शिव्या घालायच्या तर घाला.

तिसरा_मजला :

शिव्या कसल्या. मुलगी कशी आहे?

नाव_नको :

हात बरा आहे. शाळेच्या रस्त्यावर कुत्रं दिसलं की माझ्या डाव्या बाजूला येते.

गेरवाली_गल्ली :

जड झालं वातावरण, म्हणून आमचा किस्सा. घर राजवाड्याजवळ, काळू नवाकोरा, आणि आली रंगपंचमी. बाहेरच्यांना कल्पना यायची नाही : गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, निघते म्हणजे टँकरचे टँकर पाणी, रंगाचे फवारे तिसऱ्या-चौथ्या मजल्यापर्यंत. सकाळी कोणीतरी कडी उघडी टाकली आणि काळू पसार. दोन दिवस शोधला. तिसऱ्या दिवशी दारात एक हिरवं कुत्रं येऊन बसलं. मी त्याला हाकलत होते हो! भाच्याने ओळखलं. अंग चाटून चाटून रंग पोटात गेलेला, दोन दिवस उलट्या. आंघोळी किती घातल्या त्याचा हिशेब नाही, पण पोटाखालचे पांढरे केस जूनपर्यंत पोपटी होते. आता गेरच्या आदल्या दिवशी मी आणि काळू महूला मामाकडे. तीस वर्षांत चुकवली नव्हती मी गेर.

सुदामानगरवाली :

नाव_नको, बरं झालं लिहिलंत. गुळी गुरगुरायची तेव्हा मीही ओरडायचे. तिचा पाय मोडलेला होता, नाहीतर तिनेही माझा हात धरला असता.

दोघांनी निरोपात विचारलंय, प्लास्टर निघाल्यावर तिला परत का नाही सोडलं. सोडलं होतं. नसबंदी झालेलं कुत्रं जिथलं तिथेच सोडायचं असतं, आणि तिची जागा तोच कोपरा. पट्टा काढला, ती ठेल्याखाली जाऊन बसली, मी रडत घरी आले. साडेनऊला ठेला बंद झाला आणि ही फाटकाशी. पंखा चालू होता, आत येऊन त्याच्या बरोब्बर खाली झोपली.

अजूनही रोज सकाळी सहाला जाते, साडेनऊला येते. परवा ताप होता म्हणून मी तिला सोडलं नाही, तर पोहेवाला घरी आला विचारायला, "दीदी, आज मॅडम ड्यूटी पे नहीं आई?"