मदत हवी आहे: मणी उलटे का सरकतायत? (सोमवारी सरांना दाखवायचंय)

थेंबभर: एमएस्सी प्रोजेक्ट. पाण्यात पॉलिस्टायरीनचे (प्लॅस्टिकचे) 1.5 मायक्रॉन व्यासाचे मणी, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचं ट्रॅकिंग (प्रत्येक फ्रेममधली जागा टिपणं) झालंय. एक मणी दुसऱ्याकडे सरकला की दुसराही त्याच दिशेने जातो, ठीक. पण जोडरेषेला काटकोनात सरकला की दुसरा चक्क उलटा! एका मण्याच्या हालचालीचा दुसऱ्यावर होणारा परिणाम सांगणाऱ्या सूत्रात दोन्ही दिशांना धन चिन्ह आहे. कोड तीनदा तपासला. डिफ्युजनही (मणी आपोआप किती वेगाने पसरतात ते) 0.33 चौरस मायक्रॉन प्रति सेकंद ऐवजी 0.21 येतंय. प्लीज लवकर.

पेठकर: ड्रिफ्ट, म्हणजे सगळं चित्रच एका बाजूला सरकतंय. टेबलाच्या पायांखाली टेनिस बॉल ठेवा. आमच्याकडे खालून पीएमपीची बस गेली तरी चित्र हलायचं.

कर्वेरोडी: ड्रिफ्टने दोघे एकाच दिशेला जातील, उलटे कसे? फ्रेममध्ये मणी किती? दोनचारच असतील तर ड्रिफ्ट काढायला सगळ्यांची सरासरी हालचाल वजा करताना खोटं ऋण चिन्ह येतं.

थेंबभर: साठेक.

पेठकर: तरी बॉल ठेवा.

मुळाकाठ: पाणी गार असेल, चिकटपणा वाढतो.

कर्वेरोडी: 0.21 यायला पाणी 10 अंशांवर हवं. एवढी थंडी पुण्यात पाषाणला डिसेंबरच्या पहाटे, लॅबमध्ये नाही.

सानिका_हडपसर: पीएचडीच्या मुलाखतीत हेच विचारतात का?

निवृत्त_मास्तर: दोन काचांमधलं अंतर किती?

थेंबभर: स्पेसर (काचांमध्ये अंतर राखणारी पट्टी) नाही लावला. त्याचा काय संबंध? 22 मिमीची चौकोनी कव्हरस्लिप (वरची पातळ काच), खाली 2 मायक्रोलिटर पाणी.

निवृत्त_मास्तर: अरे, सगळा संबंध तोच! 2 मायक्रोलिटर म्हणजे 2 घन मिमी, भागिले काचेचे 484 चौरस मिमी, म्हणजे जेमतेम 4 मायक्रॉन. तुझं सूत्र मोकळ्या पाण्याचं, तिथे परिणाम अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटतो. इथे मण्याने पुढे ढकललेल्या पाण्याला वरखाली वाट नाही. ते बाजूंनी वळून मागे येतं आणि बाजूच्या मण्याला मागे नेतं. चिन्ह बरोबर आहे. लांबवर परिणाम अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो, तेवढं आलेखात तपास. त्सुई (Cui) आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये हेच मोजलंय. काचांच्या अडथळ्याने मधोमध डिफ्युजनही दोनतृतीयांशावर येतं.

कर्वेरोडी: 0.33 चे दोनतृतीयांश 0.22. जुळलं की!

थेंबभर: म्हणजे दोन आठवडे कोड उगाच उसवला? आता दुतोंडी टेप लावून 100 मायक्रॉनची जागा करतो.

निवृत्त_मास्तर: कर, पण फोकस मधोमध ठेव. तळाशी एकाच काचेचा शेजार असला तरी परिणाम अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटतो, आणि तू परत इथे येशील. जुना डेटा पुसू नकोस.

पेठकर: बॉल तीनच मिळाले तर चौथ्या पायाखाली पुठ्ठा चालतो.