शेतीच्या इमारती आणि यंत्रांच्या विम्याचा हप्ता आवाक्यात कसा ठेवावा?

प्रश्न :
कोठार, गोठा, ट्रॅक्टर, कापणी-मळणी यंत्र आणि इतर अवजारे यांचा विमा आम्ही एकत्रच उतरवतो. गेल्या ३ वर्षांत एकही दावा केलेला नसताना प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी हप्ता वाढतच गेला आहे. कोठार पूर्ण जळून जाण्याचा प्रसंग विरळाच येतो, तेव्हा त्याच्या किमतीच्या ६० टक्के रकमेचाच विमा घ्यावा, असा घरात विचार चालू आहे. यात काही धोका आहे का, आणि हप्ता कमी करण्याचे दुसरे मार्ग कोणते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ :
विम्याची रक्कम कमी करण्यापूर्वी पॉलिसीत 'सरासरीचे कलम' आहे का, ते आवर्जून पाहा, कारण मालमत्तेच्या विम्यात ते बहुधा असतेच. कोठाराचे मूल्य १०० धरले, विमा ६० चा घेतला आणि आगीत २० चे नुकसान झाले, तर कंपनी त्याच प्रमाणात १२ देते. उरलेले ८ तुम्हाला भरावे लागतात. म्हणजे ज्या अर्धवट नुकसानीला ६० पुरेसे आहेत असे आपण समजतो, नेमक्या त्याच नुकसानीच्या भरपाईला कात्री लागते.

दावा नसतानाही हप्ता का वाढतो, तर पत्रा, लोखंड, मजुरी आणि सुटे भाग महागले की तेच नुकसान भरून देणे कंपनीला महाग पडते. शिवाय कंपन्या स्वतः जो पुनर्विमा घेतात, त्याचे दर मोठ्या वादळ-पुरांनंतर चढतात.

प्रतिसाद २ :
वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे. रक्कम कापण्याऐवजी आधी विमा उतरवलेल्या वस्तूंची यादी तपासावी. आमच्या यादीत विकून टाकलेले पेरणी यंत्र २ वर्षे तसेच राहिले होते आणि त्याचा हप्ता आम्ही निमूटपणे भरत होतो. वापरात नसलेल्या जुन्या छपराला नव्याने बांधण्याच्या खर्चाइतके संरक्षण हवे, की घसारा वजा जाता उरणारे मूल्य पुरे, हेही ठरवावे. हंगामाबाहेर शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या यंत्राला त्या काळापुरते फक्त आग आणि चोरीचे संरक्षण मिळते का, याची चौकशी करावी. मात्र तुमच्या यंत्रामुळे दुसऱ्याला इजा झाली किंवा त्याचे नुकसान झाले, तर त्याची जबाबदारी उचलणारे संरक्षण कधीही कमी करू नये. तिथला एकच दावा सारी शेती गिळू शकतो.

प्रतिसाद ३ :
हप्त्याइतकाच विचार आगीचाही करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ओलावा २० टक्क्यांच्या वर असताना रचलेला वाळला चारा आतून तापू लागतो. आम्ही लांब दांड्याचा तापमापक गंजीत खुपसून रोज पाहतो, आणि पारा ५५ अंश सेल्सिअसच्या वर गेला की दिवसातून अनेकदा. गंजी ८० अंशांच्या आसपास पोहोचली, तर अग्निशमन दल येण्यापूर्वी ती उकरू नये, कारण आत हवा शिरताच पेट घेते. चारा आणि यंत्रे एकाच छपराखाली तर ठेवूच नयेत. कापणी-मळणी यंत्राच्या इंजिनाजवळ आणि धुराच्या नळीवर साचलेला भुसा रोज काम संपल्यावर हवेच्या झोताने उडवावा, आणि उंदरांनी कुरतडलेल्या तारा वेळीच बदलाव्यात. ही व्यवस्था छायाचित्रांसह कंपनीला लेखी कळवून पाहणीची मागणी करावी. त्यावर काही कंपन्या सवलत देतात.

प्रश्नकर्ता :
सर्वांचे मनापासून आभार. ६० टक्क्यांचा विचार आम्ही सोडून दिला आहे. आता डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक दाव्यात आपण स्वतः सोसायचा पहिला वाटा, वाढवून घ्यावा असे वाटते. तो किती ठेवावा?

प्रतिसाद २ :
पीक हातचे गेलेल्या वर्षीही कर्ज न काढता भरता येईल, तेवढाच. तो वाढवल्याने हप्ता नेमका किती उतरतो, याचे २-३ आकडे कंपनीकडून लेखी मागवा. एकाच वादळात कोठार आणि गोठा दोन्हींचे पत्रे उडाले, तर हा वाटा एकदाच धरला जाईल की प्रत्येक इमारतीसाठी वेगळा, हेही सही करण्यापूर्वी विचारून घ्या.