‘कीलेस’ला काय म्हणावं? किल्ली तर खिशातच असते!

शेवंती
गाड्यांच्या एका परीक्षण-अहवालाचं मराठी करतेय. बटणावर चालू होणाऱ्या गाड्या, त्यांचं दार, त्यांची किल्ली, हे सगळं कितपत चोख चालतं याची तपासणी. गिऱ्हाइकाने शब्दयादी दिलीय. तीत ‘कीलेस एंट्री अँड स्टार्ट’ला ‘किल्लीरहित प्रवेश व प्रारंभ प्रणाली’. पहिल्या पानावर खपून गेलं. तिसऱ्या पानावर हे वाक्य: ‘किल्लीरहित प्रणालीची किल्ली डिकीत राहिल्यास डिकी बंद होता कामा नये.’ हे मी कुठल्या तोंडाने लिहू?

शिवाय यात दोन प्रकार आहेत. एकात रिमोटचं बटण दाबावं लागतं. दुसऱ्यात काही दाबायचं नाही, नुसता हँडलला हात लावायचा. या दुसऱ्याला ‘पॅसिव्ह’ म्हणतात आणि यादीत आहे ‘निष्क्रिय प्रवेश’. निष्क्रिय प्रवेश आमच्या सोसायटीच्या सभेत सगळेच करतात. परवा द्यायचंय, लवकर सुचवा.

नट_बोल्ट
ताई, गॅरेजमध्ये या असल्या गाडीला ‘बटन-स्टार्ट’ म्हणतात आणि किल्लीला ‘रिमोट’. ‘साहेब, रिमोट आत राहिला’ हे रोजचं वाक्य. किल्लीरहित म्हणणारा माणूस अजून शटरच्या आत आलेला नाही.

आणि ‘निष्क्रिय’ तर साफ चूक. तिथे फार काही चालू असतं. तुम्ही हँडलला हात लावलात की गाडी १२५ किलोहर्ट्झच्या आसपास एक हाक मारते. ती हाक मुद्दामच आखूड, मीटर-दीड मीटरच्या पलीकडे जात नाही. खिशातली किल्ली ती ऐकते आणि ४३३ मेगाहर्ट्झवर सांकेतिक उत्तर देते. उत्तर जुळलं तर दार उघडतं. आत बसून ब्रेक किंवा क्लच दाबून बटण दाबलं की हीच चौकशी पुन्हा. निष्क्रिय कोण, तर फक्त मालक!

तिरकस
मग झालं की. हाकेला ओ देणारी किल्ली. ‘ओ-किल्ली’. ताई, लिहून टाका.

मराठी_एके_मराठी
थट्टा पुरे. ‘हस्तमुक्त प्रवेश’ हा सरळ शब्द आहे. आणि किल्लीला ‘कुंचिका’ असा सुंदर संस्कृत शब्द असताना आपण रिमोट-रिमोट का करतो? ‘संवेदी कुंचिका’ म्हणा. सुरुवातीला हसाल, मग रुळेल. सावरकरांच्या ‘दिनांक’ आणि ‘महापौर’लाही लोक हसलेच असतील.

तिरकस
दिनांक रुळला, पण तारीख कुठे गेली? कोर्टात अजून तारीखच पडते, दिनांक पडत नाही. आणि हस्तमुक्त कसं? हँडलला हात तर लावावाच लागतो.

कुंदा_बेळगावी
कुंचिका राहू दे, ‘किल्ली’ तरी तुमची आहे का, ते बघा अगोदर. आमच्याकडे कन्नडात ‘कीली’. गंमत म्हणजे कीली म्हणजे कुलूपसुद्धा, आणि ते उघडायचं ते ‘कीलीकै’. कै म्हणजे हात. कुलपाचा हात! माझी आजी मराठीत बोलतानाही ‘कीली घाल दाराला’ म्हणायची. मराठीने हा शब्द सरळ उचललाय.

उंबरठा
उलटही असू शकेल. संस्कृत ‘कील’ म्हणजे मेख, खुंटी. त्यातून आपला खिळा आणि ‘कामाला खीळ बसली’मधली खीळ. जुन्या लाकडी कुलपात खुंट्याच वर-खाली व्हायच्या, म्हणजे किल्ली त्याच घरची. कन्नडनेही तिथूनच घेतला असेल. चावी मात्र नक्की पाहुणी. पोर्तुगीज ‘शावे’, जुन्या उच्चारात ‘चावे’. पाव, बादली, घमेलं, पगार यांच्याबरोबर आलेली. आणि कुलूप तर अरबी ‘कुफ्ल’, आपण अक्षरं उलटीपालटी करून घेतलं. सांगायचा मुद्दा, दाराला कधीच शुद्ध मराठी राखणदार नव्हता.

मराठी_एके_मराठी
म्हणून आणखी चार बाहेरचे बसवायचे? अजब न्याय.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या इकडं ना किल्ली ना चावी. ‘चाबी’ हाय. पुण्याच्या माणसानं ‘किल्ली द्या’ म्हटलं का पोट्टे हासतेत.

गिरगावकर
चावी म्हटलं की मला आधी पाण्याची आठवते. रस्त्यातलं झाकण काढून लांब दांडीने व्हॉल्व्ह फिरवणारा पालिकेचा माणूस, तो चावीवाला. ‘चावी सोडली का?’ म्हणजे पाणी आलं का. शिवाय ‘त्याला कुणीतरी चावी मारली’ म्हणजे फूस लावली. घड्याळाला मात्र काहींच्या घरी किल्ली, काहींच्या घरी चावी. आमच्याकडे यावरून भांडण झालेलं आहे, तपशील नको.

शेवंती
मंडळी, माझी डिकी अजून उघडीच आहे. पुढचा शब्द ‘रिले अटॅक’. यादीत ‘पुनःप्रक्षेपण आक्रमण’. वाचताना धाप लागते.

नट_बोल्ट
यावर मात्र नीट लिहा ताई, सगळ्या अहवालात कामाचं हेच. चोर दोघे असतात. एक उपकरण घेऊन गाडीपाशी, दुसरा तुमच्या घराच्या दाराशी, कारण किल्ली आत चपलांच्या कपाटावर टांगलेली असते. पहिला गाडीची हाक पकडून दुसऱ्याकडे पाठवतो, दुसरा ती दारातून किल्लीला ऐकवतो. किल्ली बिचारी उत्तर देते, गाडी उघडते, चालूही होते. संकेत फोडायची गरजच नाही, नुसती आखूड हाक लांब केली. झुरिकच्या ईटीएच या तंत्र-विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा गाड्यांवर हे करून दाखवलं, दहाही फसल्या. जर्मनीचा एडीएसी हा वाहनचालकांचा क्लब गेली काही वर्षं शेकडो मॉडेलं तपासत आलाय, फार थोडी टिकतात. टिकतात ती मुख्यतः अल्ट्रा-वाइडबँड या रेडिओ-तंत्रावर चालणारी, कारण ती उत्तर यायला किती वेळ लागला तो मोजतात. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात साधारण ३० सेंटिमीटर जाते, म्हणजे लांबून आलेलं उत्तर लगेच पकडलं जातं. काही किल्ल्यांमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. किल्ली थोडा वेळ हलली नाही की झोपते, मग कुणी कितीही हाका मारा.

आणि सेल संपला तर काय, तेही अहवालात पाहिजे. आत लपवलेलं लोखंडी पातं निघतं, त्याने दार उघडतं. मग मेलेली किल्ली बटणाला टेकवून गाडी चालू होते, कारण आतल्या चिपला सेल लागत नाही. निम्म्या गिऱ्हाइकांना हे माहीतच नसतं, टोइंगवाल्याला बोलावतात.

तिरकस
‘हाकचोरी’. घ्या, फुकट.

मराठी_एके_मराठी
हाक चोरली कुठे? ती पुढे नेली. ‘प्रतिवहन-प्रतारणा’ म्हणा.

तिरकस
हे ऐकलं तर चोर गाडी परत आणून ठेवेल.

एडिसन_न्यूजर्सी
इकडची एक अडचण, शब्दाशी संबंध आहे म्हणून लिहितो. घराला चिकटून गॅरेज. बायकोने विचारलं, ‘गाडी बंद केलीस?’ मी म्हटलं, केली. मी दार लॉक केलं होतं, इंजिन सुरूच होतं. हायब्रिड, आवाज नाही. फिरवून काढायची किल्लीच नाही, तर हाताला आठवण राहत नाही. इथे असं चालू राहिलेल्या इंजिनाच्या कार्बन मोनॉक्साइडने घरात झोपलेली माणसं मेली आहेत. म्हणून अमेरिकेच्या २०२१ च्या कायद्यात इंजिन ठरावीक वेळाने आपोआप बंद व्हावं असा नियम करायला सांगितलं आहे. मराठीत ‘गाडी बंद करणे’ म्हणजे इंजिन की दार? अनुवादात वेगळं करायलाच हवं.

शेवंती
हे फार बरं झालं. ‘इंजिन बंद’ आणि ‘गाडी लॉक’ असं करते. ‘कुलूपबंद’ लिहिलं तर हसतील ना?

उंबरठा
कुलूपबंद लिहा की. ‘कुलूप लावलेली’पेक्षा सुटसुटीत आहे.

कुंदा_बेळगावी
कुलूप ‘लावत’ नाहीत हो, ‘घालतात’. लावतात ती कडी.

गिरगावकर
कडी घालतात! कुलूप लावतात. आमच्या चाळीत चाळीस बिऱ्हाडं होती, कुणी कुलूप घातलेलं ऐकलं नाही.

वऱ्हाडी_ठेचा
कुलूप ठोकतेत.

मराठी_एके_मराठी
‘ठोकणे’ हे टाळे. टाळे आणि कुलूप एक नव्हे. यावर वेगळा धागा काढावा.